बापूरावांच्या झोपेची वही

अनसिंग, जि. वाशिम
१४ नोव्हेंबर

आदरणीय प्रसेनजित मामा यांना भाची पौर्णिमाचा सविनय जय भीम.

मी खुशाल आहे. आई (म्हणजे तुमची लिलाताई) खुशाल आहे, तिच्या गुडघ्याचं म्हणणं वेगळं आहे, पण ते ती तुम्हाला फोनवर रोज सांगतेच. बाबांची तब्येत ठीक. तुमची शुगर कशी आहे? पुण्याची हवा मानवली का? रत्नमाला मामीने सांगितलं की तिकडे सकाळी बागेत फिरायला जाता आणि तिथे फलकावर काय अशुद्ध लिहिलं आहे ते रखवालदाराला समजावून सांगता. म्हणजे तब्येत उत्तम असणार.

फोन न करता पत्र लिहिते आहे याचं कारण एवढंच की फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि फोन मामीच्या हातात देता. पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता, हे मला माहीत आहे. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला लिहायचं म्हणून मी शक्य तितकं नीट लिहिणार आहे. बोलणारी माणसं आपल्याकडची आहेत, ती जशी बोलली तशीच लिहीन. त्यांच्या बोलण्याखाली रेघा मारू नयेत.

मी मानसशास्त्रात एम.ए. करून नागपूरला झोपेच्या उपचाराचं प्रशिक्षण घ्यायला निघाले तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "झोपाचं शिकाले नागपूरले कायले जा लागते? वर्गात मागच्या बाकावर तेच करत होती की." सगळे हसले, मीही हसले, आणि गाडीत बसल्यावर थोडी रडले. (हे सांगायचं नव्हतं, लिहिलं गेलं.) तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. घरात अजूनही कुणाला नीट कळलेलं नाही. बाबा लोकांना सांगतात, पोरगी डॉक्टर होऊन राह्यली. आई सांगते, डॉक्टर नाही, पण डॉक्टर लोकं तिला विचारतात. खरं असं आहे की ज्यांना वर्षानुवर्षं झोप लागत नाही त्यांना गोळ्यांशिवाय, सवयी आणि विचार बदलून झोपेकडे परत न्यायचं, असा हा उपचार आहे. तो शिकायला दोन वर्षं लागतात, आणि शेवटी तीन रुग्ण स्वतः, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत, बरे करून दाखवावे लागतात.

सुरुवात फार मानाची झाली नाही. नागपूरच्या आमच्या दवाखान्यात झोप तपासायची खोली आहे. रुग्णाच्या डोक्याला, छातीला, पायाला वायरी चिकटवून तो झोपला की यंत्र सगळं नोंदवतं. आम्हाला शिकवणाऱ्या तनुजा मॅडमनी पहिल्याच आठवड्यात भर दुपारी मला पलंगावर निजवलं, वीस-एक वायरी लावल्या आणि बाहेरगावच्या डॉक्टरांना सांगितलं की ही आता दहा मिनिटं झोपल्याचं नाटक करेल. मामा, मी नाटक केलं नाही. आदल्या रात्रीची गाडी, मऊ उशी, थंड हवा. चौदा डॉक्टरांसमोर मी दोन तास दहा मिनिटं झोपले, त्यांच्या चहाची वेळ टळली, आणि माझ्या झोपेचा कागद आता तिथे भिंतीवर 'निरोगी झोप कशी असते' म्हणून लावला आहे. खाली नाव नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. घोरण्याचीही रेघ आहे.

त्यानंतर मी ठरवलं की लोकांनी आपल्याला दुसऱ्या एखाद्या कारणासाठी लक्षात ठेवलं पाहिजे. म्हणून तीन रुग्ण निवडायची वेळ आली तेव्हा मी मॅडमना म्हणाले, मी माझ्या जिल्ह्यातले घेईन. वाशिममध्ये हे काम करणारं मला कुणी भेटलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "पौर्णिमा, या उपचाराची सगळी पुस्तकं स्वतंत्र बेडरूम असलेल्या लोकांसाठी लिहिली आहेत. तुझ्याकडे तशी आहेत का?" मी म्हणाले, माणसं आहेत, बेडरूमचं बघू.

बाबांनी विहारातल्या भोंग्यावरून पुकारलं, "ज्याले ज्याले झोप येत नाही त्यानं त्यानं रविवारी सकाळी विहारात यावं." चाळीस जण आले. त्यातल्या बहुतेकांना गोळी पाहिजे होती. बेबीताईला नवऱ्याचं घोरणं बंद करून पाहिजे होतं, आणि लवकर, कारण मागच्या वर्षी दिवाळीला माहेरची येणार होती. जानरावकाका पहिल्या रांगेत बसले आणि माझ्या बोलण्याच्या चौथ्या मिनिटाला गाढ झोपले. (तुमची झोपेची काय तक्रार आहे असं त्यांना उठवून विचारलं, तर म्हणाले, "मले काही तक्रार नाही, मी त्याईच्या सोबत आलो.") गोळी नाही म्हटल्यावर हॉल रिकामा झाला. सतरंजीवर एकच माणूस उरला. बापूराव.

बापूराव तुम्हाला आठवणार नाहीत. रस्त्यालगत त्यांचा दोन एकराचा मळा आहे, वांगी, मेथी, सांबार (तुमच्या पुण्याची कोथिंबीर), कोबी, आणि पहाटे ते स्वतः तीनचाकी मालगाडी चालवून माल वाशिमच्या बाजारात नेतात. वय साठ. गळा जाड, आवाज त्याहून जाड. ते म्हणाले, "आठ वाजता पडतो. चार वाजता उठतो. मधात झोप कुठं जाते ते मले समजत नाही. दिवसभर डोकं जड राह्यते." मी विचारलेले सगळे प्रश्न पुस्तकातले होते आणि त्यांची सगळी उत्तरं पुस्तकात बसत होती. मला इतका आनंद झाला की पुस्तकाबाहेरचा एकही प्रश्न मी विचारला नाही. हे लक्षात ठेवा, मामा. मी तर ते आता जन्मभर ठेवणार आहे.

उपचारातली पहिली गोष्ट म्हणजे झोपेची वही. कधी आडवे झालो, कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, रोज सकाळी लिहायचं. दुसरी गोष्ट ऐकून बापूरावांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं तुम्ही वर्गात ऱ्हस्व-दीर्घ चुकणाऱ्याकडे पाहायचे. अंथरुणात जागं पडून राहायचं नाही, म्हणून अंथरुणातला वेळच कमी करायचा. ते झोपत होते साडेपाच तास, म्हणून मी सांगितलं, रात्री साडेदहापर्यंत आडवं व्हायचं नाही.

"पोरी," ते म्हणाले, "झोप येत नाही म्हून मी तुह्याकडं आलो, अन् तू म्हंतं झोपूच नको?"

मी समजावलं. भूक लागली की जेवण गोड लागतं तसं आहे, मी म्हणाले. ते पटलं. पण आठ ते साडेदहा काय करायचं, हे मी सांगितलं नव्हतं, म्हणून बापूराव लोकांकडे बसायला जाऊ लागले. सोमवारी जानरावकाकांकडे, मंगळवारी धरमसिंगकडे, बुधवारी आमच्याकडे. दुसऱ्या आठवड्यात धरमसिंग मला रस्त्यात अडवून म्हणाला, "बाई, तुमचा पेशंट तुमी तुमच्या घरी ठेवा. मले झोप येते नं, अन् तो उठत नाही." गावात दिवे लवकर मालवू लागले. दारं आतून बंद होऊ लागली. मी मात्र मॅडमना कळवलं की रुग्ण सूचना काटेकोर पाळतो आहे.

तिसरी गोष्ट त्याहून अवघड. पुस्तक म्हणतं, पलंग फक्त झोपेसाठी वापरावा, आणि झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जावं. बापूरावांच्या घरी खोली एक आणि बाज एक. त्या बाजेवर पाहुणे बसतात, मिरच्या वाळतात, टीव्ही पाहतात, मेथीच्या जुड्या बांधतात. दुसरी खोली म्हणजे थेट बाहेरचं वावर. शेवटी मी असा नियम केला की दिवसा बाज भिंतीला उभी करायची आणि जाग आली की उठून ओट्यावर बसायचं. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं. (मी हवेत होते, मामा. आता जमीन येते.)

पाचव्या आठवड्यात बापूरावांची मालगाडी अनसिंगच्या वळणावर रस्ता सोडून नालीत गेली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. कोबीचे गड्डे शंभर पावलांपर्यंत घरंगळले आणि लोकांनी ते गोळा करून दिले, त्यावर दिवसभर हसणं झालं. मीही हसले. बापूराव म्हणाले, "डोळ्याले डोळा लागला असन जरासा." मी त्यातही खूश. झोप येऊ लागली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मॅडमसोबत व्हिडिओवर आठवड्याची चर्चा होती. बापूरावांची वही मी अभिमानाने वाचून दाखवली. अशी वही नागपूरच्या शिकलेल्या लोकांचीही नसते. सुंदर वळणदार अक्षर. 'साडेदहाला पडले. दहा मिनिटात घोरणे सुरू. सव्वाबाराला घोरणे बंद. वीसपर्यंत मोजले. मग दचकले, पुन्हा घोरणे सुरू. एक वाजता तसेच. अठरापर्यंत मोजले. अडीचला तसेच. छातीवर हात ठेवून पाहिले.' मी पान उलटत होते तेव्हा मॅडम म्हणाल्या, "थांब."

मी थांबले.

"बापूराव झोपले होते ना?"

"हो मॅडम."

"मग हे लिहिलं कोणी?"

मामा, आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. पाच आठवडे मी ती वही वाचत होते. त्या अक्षरामागे कुणी बसलेलं आहे, हे मला दिसलं नाही. आणि दुसरी गोष्ट मॅडमनी आवाज न चढवता सांगितली, म्हणून जास्त लागली. झोपेत घोरणं थांबतं, श्वास अडतो आणि माणूस दचकून पुन्हा श्वास घेतो, हा झोप न येण्याचा त्रास नव्हे. तो श्वासाचा आजार आहे, त्याची तपासणी वेगळी, इलाज वेगळा. अशा माणसाची झोप मी आणखी कमी करत होते, आणि तो माणूस पहाटे गाडी चालवत होता. कोबीवर मी हसले होते. "रात्री शेजारी कोण झोपतं, हा पहिला प्रश्न होता," मॅडम म्हणाल्या, "तो तू विचारला नाहीस, आणि विचारलास की नाही हे मी पाहिलं नाही. आजच जा."

गेले. जाण्याआधी अर्धा तास न्हाणीत रडले आणि ठरवलं की हे सोडून द्यायचं, बँकेच्या परीक्षा द्यायच्या. आई दाराबाहेरून म्हणाली, "रडाचं ते रड, पण त्या माणसाले आधी सांग, गाडी चालवू नको म्हून. मग येऊन रड." आईचं शिक्षण चौथी. मॅडमनी आणि तिने एकच गोष्ट सांगितली.

बापूराव ओट्यावर बसले होते. मी उभ्यानेच म्हणाले की काका, माझं चुकलं, तुम्हाला जे सांगितलं ते तुमच्या आजाराला लागू नव्हतं, आजपासून वाटेल तेव्हा झोपा, आणि तपासणी होईपर्यंत गाडी चालवायची नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे आता आठ वाजता पडलो तं चालन?"

"चालेल."

"मंग हे पयले सांगाचं ना, माय!" असं म्हणून त्यांनी तिथूनच घरात हाक दिली, "गोजरा, बाज टाक वं!" संध्याकाळचे सहा वाजले होते.

बाज टाकायला आतून गोजराबाई आल्या. बापूरावांची बायको. पाच आठवडे मला त्यांनी चहा दिला होता आणि मी त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, वही तुम्ही लिहिता का? म्हणाल्या, "त्याईले चष्म्याबिगर दिसत नाही, अन् मले जागच राह्यते. मंग मीच लिवतो." केव्हापासून जाग राहते? तर चार वर्षांपासून. चार वर्षांपूर्वी त्यांचे जेठ, बापूरावांचे थोरले भाऊ, शेजारच्या घरात जेवून झोपले आणि सकाळी उठले नाहीत. तेही असेच घोरायचे. तेव्हापासून गोजराबाई रात्रभर मोजतात. श्वास थांबला की एक, दोन, तीन. पंचविसाच्या वर गेलं तर हलवायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मी म्हणाले, मावशी, तुम्ही विहारात का नाही आलात त्या दिवशी? तर म्हणाल्या, "पुकारा तं झोप येत नाही त्याईचा होता. मले झोप येते नं बाई. मीच येऊ देत नाही."

हे वाक्य मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.

बापूरावांना अकोल्याला तपासणीसाठी न्यायला तीन दिवस लागले, कारण अंगाला वायरी लावून घ्यायला ते तयार नव्हते. "करंट लागला म्हंजे?" मी शेवटी मोबाइलवर माझा स्वतःचा वायरी लावून झोपलेला फोटो दाखवला. (हो, फोटोही आहे.) ते म्हणाले, "हे तं मेल्यासारखी झोपली," आणि तयार झाले. तपासणीत निघालं ते मॅडम म्हणाल्या तेच, आणि बऱ्यापैकी वाढलेलं. तिथल्या डॉक्टरांनी नाकावर लावायचं, लांब नळीचं यंत्र दिलं, ते झोपेत हवा आत ढकलत राहतं. पहिल्या दिवशी गोजराबाई म्हणाल्या, "हत्ती दिसून राह्यले." पण दहा दिवसांत बापूरावांचं डोकं हलकं झालं, आणि महिन्याभराने डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलं. आता ते बाजारात प्रत्येकाला विचारतात, तू घोरतं का? हो म्हटलं की हाताला धरून माझा नंबर देतात.

नियमाप्रमाणे बापूराव माझ्या तीन रुग्णांत धरले गेले नाहीत. अडीच महिन्यांच्या मेहनतीनंतर माझ्या खात्यात शून्य. बॅचमधल्या दोघी तेव्हा प्रमाणपत्र घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, वाटल्यास नागपूरचे रुग्ण घे, लवकर होईल. मी नाही म्हणाले. पहिल्या रुग्ण गोजराबाईच.

त्यांना कोरी वही दिली. आठ दिवसांनी पाहिलं तर त्यात पुन्हा बापूराव. 'यंत्र लावले. छान झोपले.' मी म्हणाले, मावशी, तुमची झोप लिहा. "माही काय लिवू? तिच्यात काय आहे?" पुढचा आठवडा आम्ही फक्त एवढंच शिकलो की वहीच्या पहिल्या ओळीत 'मी' लिहायचं. यंत्राचा आवाज चालू आहे म्हणजे श्वास चालू आहे, तो आवाज मोजावा लागत नाही, हे त्यांना बुद्धीने पटायला एक दिवस लागला आणि कानांना पटायला पाच आठवडे. जाग आली की उठून ओट्यावर बसा म्हटलं, तर त्या ओट्यावर मेथी निवडू लागल्या. जाग येण्याची त्या वाटच पाहत असाव्यात, कारण पहाटेपर्यंत सगळ्या जुड्या बांधून तयार असायच्या. मी मेथी बंद केली. सांबार बंद केला. काहीतरी कंटाळवाणं करा म्हटलं, तर त्यांना कंटाळवाणं काही ठाऊकच नव्हतं, उभ्या जन्मात रिकामं बसल्या नव्हत्या. शेवटी वाचायला दिलं. काय दिलं? उपचाराचं संमतीपत्र, मी स्वतः चार पानी मराठीत तयार केलेलं. दुसऱ्या पानाच्या पुढे त्या आजवर गेलेल्या नाहीत. (याचा मला अपमान वाटला नाही. वाटला, पण थोडा.)

नवव्या आठवड्यात एका सकाळी बापूराव आमच्या दारात उभे. मी घाबरले. म्हणाले, "गोजरा उठली नाही अजून. मी माल भरला, बाजारात जाऊन वापस आलो, तरी झोपूनच हाये. उठवू का नको, तेवढं सांग." मी चप्पल न घालता गेले. गोजराबाई बाजेवर कुशीवर निजल्या होत्या, तोंडावर ऊन आलं होतं, श्वास शांत. बापूराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मोजला म्या. बराबर हाये." आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो. त्या पावणेनऊला उठल्या, आम्हाला पाहून लाजल्या आणि आधी चुलीकडे गेल्या. त्या दिवशी वहीत एकच ओळ होती. 'मी झोपली. बाकी आठवत नाही.'

पुढचे दोन रुग्ण गोजराबाईंनीच धाडले, एक आसेगावची त्यांची बहीण आणि एक शिरपूरची विहीण, दोघी वही आणि पेन घेऊनच आल्या. तीन पूर्ण झाले. मागच्या महिन्यात तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी विचारलं, रुग्णाच्या पहिल्या भेटीत काय विचाराल? मी म्हणाले, शेजारी कोण झोपतं, आणि तिला झोप लागते का. पास झाले, मामा. पुण्यात मोठ्या दवाखान्यात काम मिळत होतं, नाही म्हणून कळवलं आहे. मी इथेच बसणार.

तर एवढीच हकीकत. तुमच्याकडे काही मागायचं म्हणून लिहिलेलं नाही, फक्त तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. मामीला जय भीम, नातवाला पापा. तब्येतीची काळजी घ्यावी.

तुमची भाची,
पौर्णिमा

ता. क. – वाशिमच्या तुमच्या घराची रस्त्याकडची खोली तुम्ही पुण्याला गेल्यापासून बंदच आहे. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते दोन, मला रुग्ण पाहायला मिळावी. तुम्ही ती मोबाइलच्या दुकानाला द्यायचं म्हणता असं ऐकलं. विचार करून, सावकाश, कळवावं. घाई नाही.

ता. क. २ – पेंटर हरीओमला पाटीवर पत्ता लागत होता. दुसरा पत्ता नव्हता म्हणून तुमचाच दिला. पाटी लागली आहे. 'निद्रा'तला 'नि' ऱ्हस्व आहे, मी स्वतः उभं राहून पाहिलं.

ता. क. ३ – किल्ली मामीने दिवाळीतच पाठवली होती. तिच्यावर रागावू नये. तुमची पुस्तकांची कपाटं मागच्या खोलीत नीट लावली आहेत.

ता. क. ४ – उद्घाटन पुढच्या रविवारी, तुमच्याच हस्ते. निमंत्रणं वाटून झाली. तोपर्यंत परवानगी यावी, कारण उद्घाटनाआधीचे तीन मंगळवार होऊन गेले आहेत आणि तुमच्या ओट्यावर आता बसायला जागा पुरत नाही. येताना पुण्याहून दोन बाकं आणता आली तर पाहावं.